तोरा अध्ययन आणि सैनिकी सेवा एकत्र करू इच्छिणाऱ्या मुलींसाठी पहिली पावले

हा लेख मुख्यतः अशा मराठी भाषक बेने इस्राएल (महाराष्ट्रातल्या ज्यू) कुटुंबांसाठी आहे, ज्यांची मुलगी इस्रायलमधील धार्मिक शाळेत शिकते आहे किंवा जी लवकरच मुंबई-ठाण्याहून तिकडे स्थायिक व्हायला निघाली आहेत, आणि ज्यांना मुलीने सैन्यात जावे पण तिचे तोरा अध्ययनही, म्हणजे ज्यू धर्मग्रंथांचा अभ्यासही, सुटू नये असे वाटते. अश्दोद, दिमोना, लोद, बेअरशेवा येथील कितीतरी घरांत आजी-आजोबांचे बोलणे अजून मराठीत चालते आणि नातीच्या भरतीचे कागद मात्र हिब्रूत येतात. त्यामुळे निर्णय होऊन जातो आणि वडीलधाऱ्यांना तो नंतर कळतो.

या लेखातला क्रम एका ठाम मताने आखलेला आहे, हे आधीच सांगणे बरे. आधी अध्ययनाची संस्था ठरवावी, मग सैन्यातले काम. अनेक मुली याच्या उलट करतात: मनासारखे काम मिळते आहे का ते आधी पाहतात, आणि अध्ययन उरलेल्या जागेत बसवतात. सैन्याला स्वतःचे वेळापत्रक, स्वतःची शिस्त आणि स्वतःचा अधिकार आहे, त्यामुळे ते स्वतःची बाजू राखून घेते. अध्ययनाची बाजू मात्र मुलीलाच राखावी लागते, आणि त्यासाठी तिच्या पाठीशी एखादी संस्था असावी लागते.

कायद्याने उघड्या असलेल्या वाटा

इस्रायलमध्ये ज्यू मुलींनाही भरती सक्तीची आहे. त्यांच्या सेवेचा सर्वसाधारण काळ २४ महिन्यांचा असून लढाऊ आणि काही विशेष कामांसाठी तो वाढतो. विवाहित स्त्रिया, गर्भवती आणि माता यांना सूट असते. याशिवाय धार्मिक कारणावरूनही सूट मिळते. त्यासाठी मुलीला प्रतिज्ञापत्र द्यावे लागते की धार्मिक आचारामुळे तिला सेवा करता येत नाही, ती घरी आणि घराबाहेर कोशेरचे (धर्मसंमत अन्नाचे) नियम पाळते आणि शब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून सुरू होणाऱ्या विश्रांतीच्या दिवशी, वाहनाने प्रवास करत नाही. १९७८ साली कायद्यात दुरुस्ती झाल्यापासून ही सूट मिळवणे बरेच सोपे झाले आहे.

सूट घेतलेल्या मुली पुढे शिकतात, लग्न करतात किंवा ‘शेरूत लेउमी’ ही स्वेच्छेची राष्ट्रीय सेवा करतात. १९७१ मध्ये सुरू झालेल्या या सेवेत त्या एक किंवा दोन वर्षे शाळा, रुग्णालये आणि अपंगांच्या संस्थांत काम करतात. धार्मिक-राष्ट्रवादी घरांत हीच राजमार्गाची वाट मानली जाते, आणि ती कमी प्रतीची आहे असे सुचवण्याचा येथे मुळीच हेतू नाही. आपला विषय तिच्या शेजारच्या, अरुंद पण आता चांगल्या रुळलेल्या वाटेचा आहे. मुलांसाठी ‘हेस्देर’ ही येशिवातले, म्हणजे मुलांच्या धर्मपाठशाळेतले, अध्ययन आणि सैनिकी सेवा यांची सांगड घालणारी व्यवस्था अनेक दशकांपासून चालत आली आहे. मुलींसाठी तसाच उपक्रम १९८६ मध्ये बेत शआन खोऱ्यातील एन हानात्झिव या धार्मिक किबुत्झवर (सामुदायिक वसाहतीवर) सुरू झाला. तो तिथे सुरू व्हावा हे स्वाभाविकच होते, कारण धार्मिक किबुत्झ चळवळीतल्या मुली पूर्वीपासून सैन्यात जात असत आणि त्यांना त्यासाठी कोणाची समजूत घालावी लागत नव्हती.

पहिली पायरी: प्रतिज्ञापत्रावर घाईने सही करू नये

भरतीची पहिली नोटीस, म्हणजे ‘त्साव रिशोन’, साधारण सोळा-सतराव्या वर्षी येते. त्या दिवशी भरती कार्यालयात कागदपत्रांची पडताळणी, वैद्यकीय तपासणी, बुद्धिमापन चाचणी आणि मुलाखत होते. वैद्यकीय तपासणीतून ठरणारा आकडा, ज्याला ‘प्रोफाइल’ म्हणतात, जास्तीत जास्त ९७ असतो. चाचणीचा आकडा १० ते ९० या पट्टीवर दिला जातो. पुढे कोणती कामे देऊ केली जातील हे या दोन आकड्यांवर बऱ्याच अंशी अवलंबून असल्याने चाचणीला तयारी करून जावे आणि मुलाखतीत हिब्रू अडत असेल तर तसे स्पष्ट सांगावे.

धार्मिक मुलींच्या अनेक शाळांत ही नोटीस येण्याच्या सुमारासच वर्गातल्या सगळ्या मुली एकत्रितपणे सूट घेतात. मैत्रिणी सही करतात, शिक्षिका तेच गृहीत धरते आणि मुलगीही सही करून मोकळी होते. ज्या मुलीच्या मनात सैन्याचा विचार थोडाही असेल तिने येथे थांबावे. सूट घ्यायची असेल तर ती पुढेही घेता येते. उलट, आधी सूट घेऊन नंतर ती रद्द करून घेणे म्हणजे अर्ज, खुलासे आणि वाया गेलेले महिने. शिवाय हे प्रतिज्ञापत्र आहे. त्यातली विधाने खरी नसतील तर सैन्य चौकशी करते आणि सूट काढूनही घेते. शाळेतून माहिती मिळत नसेल तर सैन्यात जाऊ इच्छिणाऱ्या धार्मिक मुलींना भरतीआधी आणि सेवेच्या काळात मार्गदर्शन करणाऱ्या ‘अलुमा’ या संस्थेशी संपर्क साधावा.

भारतातून नव्याने आलेल्या कुटुंबांसाठी नियम थोडे वेगळे असतात. इस्रायलमध्ये येताना मुलीचे वय काय होते, त्यावर सेवा लागू होते की नाही आणि किती काळाची, हे ठरते. म्हणून शेजाऱ्यांच्या मुलीचा दाखला घेऊ नये, भरती कार्यालयाकडून लेखी उत्तर घ्यावे. आईवडील भारतातच असतील तर मुलीला ‘एकाकी सैनिक’ असा दर्जा मागता येतो, ज्यात जादा भत्ता आणि राहण्याच्या खर्चासाठी मदत मिळते. हिब्रू कच्ची असलेल्या सैनिकांसाठी गालिलमधील मिख्वे अलोन तळावर भाषेचा अभ्यासक्रम चालतो.

दुसरी पायरी: संस्था निवडणे

मुलींच्या उच्च तोरा अध्ययनाच्या संस्थेला ‘मिद्राशा’ म्हणतात. अशा संस्था आज अनेक आहेत. सैनिकी सेवेशी जोडलेला कार्यक्रम मात्र त्यांतल्या काहींतच आहे. एन हानात्झिवचा उल्लेख वर आलाच आहे. जेरुसलेममधील मिद्रेशेत लिंडेनबाउम ही संस्था १९७६ मध्ये रब्बी (ज्यू धर्मगुरू) हाइम ब्रोव्हेंडर यांनी स्थापन केली आणि पुढे ती रब्बी श्लोमो रिस्किन यांच्या ‘ओहर तोरा स्टोन’ या समूहात आली. तिथला ‘हदास’ हा कार्यक्रम खास सैन्यात जाणाऱ्या मुलींसाठी आहे. वेस्ट बँकेतील गुश एत्झिओन भागातले मिग्दल ओझ हे हार एत्झिओन येशिवाशी संलग्न असलेले, १९९७ पासूनचे बेत मिद्राश, म्हणजे अध्ययनगृह, तालमूदच्या (रब्बींच्या धर्मचर्चांच्या मोठ्या संग्रहाच्या) सखोल अध्ययनासाठी ओळखले जाते. एस्ती रोझेनबर्ग यांनी ते उभे केले.

कार्यक्रमांचा साचा सर्वसाधारणपणे असा असतो: भरतीपूर्वी सुमारे एक वर्ष पूर्णवेळ अध्ययन, मग सैनिकी सेवा, आणि सेवेच्या अखेरीस किंवा नंतर काही महिने पुन्हा अध्ययन. सेवेच्या काळात संस्थेच्या शिक्षिका तळांवर भेटायला जातात, अध्ययनाचे दिवस ठरवले जातात आणि अधूनमधून शब्बाथला सगळ्या मुली संस्थेत एकत्र येतात. भरती एका वर्षाने लांबवण्यासाठी वेगळी परवानगी लागते. संस्था ती मिळवून देण्यास मदत करते, तरी अर्ज वेळेत गेला की नाही ही खात्री घरच्यांनी स्वतः करावी.

संस्था निवडताना माहितीपत्रकावर विसंबू नये. बारावीच्या वर्षात मुली एक-दोन दिवस मुक्कामाला जातात, तसे जावे आणि सकाळच्या सत्रात बेत मिद्राशमध्ये बसून पाहावे. तिथे व्याख्यानापेक्षा जास्त वेळ ‘हेव्रुता’ला, म्हणजे दोघींनी मिळून केलेल्या अध्ययनाला दिला जातो. दोघींच्या मध्ये तालमूदचे एकच पान असते, मध्यभागी मूळ मजकूर, एका बाजूला राशी या मध्ययुगीन भाष्यकाराचे भाष्य, दुसऱ्या बाजूला तोसाफोत ही त्यानंतरच्या भाष्यकारांची टिपणे. एक मोठ्याने वाचते, दुसरी तिला अडवते, आणि तीन ओळींवर कधी कधी अख्खी सकाळ जाते. भोवती तीस-चाळीस जणी असाच वाद घालत असल्याने खोलीत शांतता अशी नसतेच. ज्या मुलीने शाळेत तनाख (हिब्रू बायबल) भरपूर आणि तालमूद जेमतेम शिकले आहे, तिला पहिले काही आठवडे हे जड जाते. म्हणून नवख्यांसाठी वेगळा गट आहे का, आठवड्यातले किती तास गमाराला (तालमूदला) आणि किती तनाखला, हलाखाच्या (धर्मनियमांच्या) प्रश्नांची उत्तरे कोण देते, आणि माजी विद्यार्थिनींपैकी किती जणी सेवेनंतर खरोखर परत आल्या, हे विचारावे. शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटेल. तरी सगळ्यांत उपयोगी तोच आहे.

तिसरी पायरी: हरकतींना सामोरे जाण्यापूर्वी मूळ वचने वाचावीत

मुलीचा निर्णय कळताच कोणीतरी रब्बीचे पत्रक पुढे करील. इस्रायलच्या मुख्य रब्बी मंडळाने १९५० च्या दशकाच्या प्रारंभीच स्त्रियांच्या भरतीविरुद्ध निर्णय दिला होता आणि २०१४ मध्ये तो पुन्हा उच्चारला. हा विरोध केवळ परंपरेच्या नावाखाली केलेला हट्ट आहे असे समजणे अन्यायाचे ठरेल. विरोधाला आधार आहेत, ते समजून घ्यावेत, आणि नंतरच उत्तर द्यावे.

मिश्ना, म्हणजे तालमूदच्या गाभ्याचा नियमसंग्रह, सोता ८:७ येथे सांगते की मित्झव्हाच्या, म्हणजे कर्तव्य म्हणून कराव्या लागणाऱ्या युद्धात सर्वांनी बाहेर पडावे, वर आपल्या खोलीतून आणि वधू आपल्या लग्नमंडपातून. वरकरणी हे वचन मुलींच्या बाजूचे दिसते. पण अनेक भाष्यकारांच्या मते स्त्रिया रसद आणि अन्नपाण्याची व्यवस्था पाहण्यासाठी जातात, लढण्यासाठी नाही. उलट बाजूला तोरातील ‘अनुवाद’ या ग्रंथाचे २२:५ हे वचन येते, जिथे स्त्रीला पुरुषाच्या वस्तू अंगावर घेण्यास मनाई आहे. तालमूदात नाझीर ५९अ येथे रब्बी एलिएझर बेन याकोव्ह त्यावरून शस्त्र घेऊन युद्धाला न जाण्याचा नियम काढतात. बायबलमधल्या याएलने शत्रूचा सेनापती सिसरा याला तंबूच्या मेखेने मारले, तलवारीने नाही, याचे कारण मिद्राश, म्हणजे बायबलवरील प्राचीन भाष्य, हेच सांगतो. आजच्या रब्बींपैकी जे परवानगी देतात ते सैन्यातल्या कामांमध्ये भेद करतात: शिकवणे, गुप्तवार्ता, संगणक, प्रशिक्षण ही कामे एका बाजूला आणि प्रत्यक्ष लढाई दुसऱ्या बाजूला. तेव्हा मुलीने ‘मला परवानगी आहे’ असे मोघम उत्तर देण्याऐवजी कोणते काम, कोणत्या तळावर आणि कोणाच्या मतानुसार, हे सांगता येईल इतकी तयारी करावी.

अध्ययनाबद्दलचा वादही मिश्नातच आहे. सोता ३:४ मध्ये बेन अझाई म्हणतात की मुलीला तोरा शिकवणे हे पित्याचे कर्तव्य आहे, आणि लगेच रब्बी एलिएझर त्याला कडक विरोध करतात. कित्येक शतके रब्बी एलिएझरांचे मत प्रभावी राहिले. १९७७ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टर्न कॉलेजात रब्बी योसेफ सोलोवेचिक यांनी स्वतः तालमूदचा पहिला पाठ देऊन मुलींच्या वर्गाला आरंभ करून दिला, तेव्हा वारे कुठे वाहते आहे ते सर्वांना कळले.

आपल्या समाजापुरते एक विषयांतर येथे क्षम्य ठरावे. बेने इस्राएल घरांना सैनिकी पेशा नवा नाही. कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत आपले कित्येक पूर्वज सुभेदार-मेजर पदापर्यंत पोचले होते, आणि १७९६ मध्ये मुंबईतले पहिले सिनेगॉग (ज्यू प्रार्थनागृह) बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर हेही फौजेतलेच अधिकारी होते. आजोबांच्या खोलीत वर्दीतल्या खापरपणजोबांचे छायाचित्र अभिमानाने लावलेले असते. नातीच्या वर्दीचा विषय निघाला की तोच अभिमान थोडा अडखळतो. ते साहजिक आहे, पण बोलणे तिथून सुरू करता येते.

चौथी पायरी: सैन्यातले काम ठरवणे

२००० साली कायद्यात झालेल्या दुरुस्तीने, कामाच्या स्वरूपामुळेच अशक्य असेल ते सोडून, सर्व कामे स्त्रियांना खुली झाली. त्याआधी १९९५ मध्ये अॅलिस मिलर यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वैमानिक अभ्यासक्रमाचे दार उघडले होते. धार्मिक मुलींमध्ये तामार आरिएल यांचे नाव आदराने घेतले जाते. हवाई दलातल्या त्या पहिल्या धार्मिक महिला लढाऊ नॅव्हिगेटर. ऑक्टोबर २०१४ मध्ये नेपाळच्या अन्नपूर्णा परिसरात हिमवादळात त्यांचा मृत्यू झाला. २०१० नंतरच्या दशकात सैन्यात जाणाऱ्या धार्मिक मुलींची संख्या दुपटीहून अधिक झाली, तरी मिद्राशांच्या मुली अजूनही मोठ्या प्रमाणात शिक्षण विभाग आणि गुप्तवार्ता विभाग यांत जातात. याचे एक कारण व्यावहारिक आहे: तिथे एकाच संस्थेच्या अनेक मुली जवळपास काम करू शकतात.

काम स्वीकारण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात: मुक्काम तळावर की घरून ये-जा, महिन्यातले किती शब्बाथ तळावर काढावे लागतील, आणि त्या कामासाठी वाढीव सेवेचा करार करावा लागतो का. करार असेल तर अध्ययनाला परतण्याची तारीख त्याच प्रमाणात पुढे जाते, हे संस्थेला आधीच कळवावे.

पाचवी पायरी: तळावरचे धार्मिक हक्क, आणि शब्बाथची रात्र

सैन्याची स्वयंपाकघरे कोशेर असतात आणि त्यांवर लष्करी रब्बी विभागाची देखरेख असते. धार्मिक मुलीला पँटऐवजी वर्दीचा स्कर्ट मागता येतो. शारीरिक प्रशिक्षणात स्पर्शाचा प्रश्न येत असेल तर स्त्री-प्रशिक्षक मागता येते. स्त्री-पुरुषांच्या एकत्र सेवेबाबत सैन्याने ठरवलेल्या नियमांत निवासाच्या वेगळेपणाचाही समावेश आहे. हे सारे हक्क कागदावर आहेत, पण विसाव्या वर्षीच्या वरिष्ठाला ते पाठ असतीलच असे नाही. मागणी पहिल्याच आठवड्यात, शांतपणे आणि शक्यतो लेखी करावी. ती मान्य झाली नाही तर तळाच्या रब्बीकडे आणि आपल्या मिद्राशातल्या शिक्षिकेकडे, याच क्रमाने जावे.

खरी कसोटी शुक्रवारी सूर्यास्तानंतर लागते. समजा, मुलगी नियंत्रण कक्षात पाळीवर आहे. फोन वाजतो, नोंदवहीत वेळ लिहायची आहे, पडद्यावर एक आकृती हलते आहे. यातले काय करायचे आणि काय टाळायचे? या प्रश्नाचा पाया तालमूदातील एरुविन ४५अ येथे आहे. शत्रू धनासाठी आला असेल तर शब्बाथ मोडून शस्त्र उचलू नये, जिवासाठी आला असेल तर उचलावे. मात्र सीमेवरच्या गावी तो नुसत्या गवताकाडीसाठी आला तरी शब्बाथ मोडून बाहेर पडावे, कारण सीमा एकदा ढासळली की पुढचा मुलूख मोकळा होतो. योमा ८५ब येथील चर्चेतून आलेले, नियम जगण्यासाठी आहेत, मरण्यासाठी नाहीत, हे तत्त्व त्याच्या जोडीला घ्यावे. ही दोन पाने भरतीपूर्वीच्या वर्षात नीट शिकलेली मुलगी फोन उचलताना गोंधळत नाही. न शिकलेली मुलगी एकतर प्रत्येक गोष्टीला घाबरते, नाहीतर ‘सैन्यात सगळे चालते’ म्हणून सोडून देते. सैन्याबरोबर अध्ययन हवे, या म्हणण्याला याहून चांगला पुरावा सापडणे कठीण आहे.

तपशील मात्र बारीक असतात. जिवाशी संबंध असलेली नोंद तात्काळ करावी. केवळ कार्यालयीन शिस्तीची नोंद शब्बाथ संपेपर्यंत थांबू शकते. मधल्या प्रकारांसाठी आलोन श्वुत येथील झोमेत संस्थेने तयार केलेला खास पेन वापरला जातो. त्याची शाई काही काळाने पुसट होत जाते, त्यामुळे ते लिखाण टिकाऊ लेखन ठरत नाही आणि शब्बाथ संपल्यावर नोंद पुन्हा उतरवून घेता येते. कोणता प्रकार कशात मोडतो, हे ऐन पाळीवर ठरवू नये. पहिल्या महिन्यात आपल्या कामातल्या सर्व क्रिया एका वहीत लिहून काढाव्यात, त्या वहीवर हलाखा शिकवणाऱ्या व्यक्तीशी बसून चर्चा करावी आणि उत्तरे त्याच वहीत ठेवावीत.

तळावर अध्ययन चालू ठेवण्याबाबत अपेक्षा मात्र माफक असाव्यात. रोज हेव्रुता होणार नाही. आठवड्यातून एकदा ठरलेल्या वेळी जोडीदारणीशी फोनवर मिश्नाचे दोन परिच्छेद किंवा रम्बमचा (मायमोनिडीसच्या नियमग्रंथाचा) एखादा अध्याय वाचला, तरी धागा तुटत नाही. मोठे ग्रंथ बरोबर नेऊन ते न उघडण्यापेक्षा हे बरे.

सहावी पायरी: परतणे

सेवा संपताना वय वीस-एकवीस असते, हाती थोडे पैसे असतात, मैत्रिणी प्रवासाला किंवा विद्यापीठात निघालेल्या असतात, आणि मिद्राशातले उरलेले महिने नकोसे वाटू लागतात. म्हणून परतण्याची तारीख भरतीपूर्वीच ठरवलेली बरी. या दुसऱ्या टप्प्यात मुलींचे प्रश्न बदललेले असतात, त्या वरिष्ठ म्हणून जबाबदारी घेऊन आलेल्या असतात, आणि शिक्षकांनाही त्यांच्याशी बोलताना अधिक तयारी करावी लागते. पुढे जायचे असेल तर मातान, लिंडेनबाउम आणि निश्मात यांसारख्या संस्थांत प्रगत अभ्यासक्रम आहेत. निश्मातने १९९७ पासून कौटुंबिक शुद्धतेच्या (मासिक पाळीशी निगडित) नियमांत स्त्रियांना मार्गदर्शन करणाऱ्या ‘योएत्झेत हलाखा’ तयार केल्या. मुख्य रब्बी मंडळाच्या हलाखा परीक्षा स्त्रियांनाही देता याव्यात, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये दिला आहे.

खर्चाचा विचारही याच वेळी करावा. सेवामुक्त होताना एकरकमी अनुदान मिळते आणि त्याशिवाय एक ठेव जमा झालेली असते. ती ठेव पहिली काही वर्षे उच्च शिक्षण, घर, लग्न, व्यवसाय अशा ठराविक कारणांसाठीच काढता येते. आपल्या मिद्राशाचे शुल्क त्या कारणांत बसते का, हे संस्थेच्या कार्यालयाकडून लेखी विचारून घ्यावे आणि ते पत्र सेवामुक्तीच्या कागदांसोबत जपून ठेवावे.